प्राप्तिकर कशासाठी, आणि तो सोपा का असावा? कर्जत-खालापूरच्या निमित्ताने

२१ सप्टेंबर हा संत मत्तयाचा सण. हा प्रेषित मूळचा जकातदार. प्रभूने त्याला हाक मारली तेव्हा तो जकातनाक्यावर बसलेला होता, हे आपण जाणतोच. २०२५ साली प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत आणि अखेरच्या घटकेला आणखी एक दिवस वाढविण्यात आली. त्यामुळे सरकारी मुदत आणि मत्तयाचा सण यांत जेमतेम पाच दिवसांचे अंतर उरले. (त्या वर्षी २१ तारखेला रविवार आल्याने उपासनेत मत्तयालाच बाजूला व्हावे लागले, हा भाग वेगळा.) मुदत का वाढविली, तर विवरणपत्रांचे नमुने इतके बदलले की ते भरून घेणारी यंत्रणा तयार व्हायलाच वेळ हवा, असे कारण सरकारने दिले. ज्या कराचा कागद तयार करणे करखात्यालाही वेळेत जमत नाही, तो कागद सामान्य माणसाने कसा भरावा, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल.

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांतील आपल्या भाविकांकडून गेल्या काही वर्षांत आम्हांला प्रार्थनेपेक्षा पॅनकार्डाविषयीच अधिक विचारले जाते, असे गमतीने म्हटले तर फारसे चुकणार नाही. वडिलोपार्जित जमीन विकली, कर लागेल का? बँकेने व्याजातून पैसे का कापले? मुलगा म्हणतो शेतीला कर नाही, मग वकील कर सांगतो तो कसला? आम्ही काही करसल्लागार नव्हे. परंतु या प्रश्नांच्या मुळाशी जे दोन प्रश्न आहेत, म्हणजे हा कर मुळात घ्यायचाच कशाला आणि तो इतका किचकट का, त्यांचा विचार करणे हे धर्मगुरूच्या कामाबाहेरचे आहे असे आम्हांला वाटत नाही.

पहिला प्रश्न याच परिसरातील उदाहरणांवरून समजून घेऊ. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूरला टोलनाका आहे. तेथे मोटारवाल्याने जे पैसे द्यायचे ते त्या रस्त्याच्या वापराबद्दल. रस्ता वापरला, पैसे दिले, व्यवहार संपला. माथेरानला दस्तुरी नाक्यावर नगर परिषद येणाऱ्या पाहुण्याकडून प्रवेशाचा कर घेते. तो माणशी घेतला जातो. पाहुणा लक्षाधीश आहे की कारकून, हे नाक्यावरचा माणूस विचारीत नाही. हे दोन्ही कर सोपे आहेत, समोर फलक असतो, पावती मिळते, कोणाला सी.ए. लागत नाही. तिसरा कर आपल्या नकळत जातो. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले आणि पावसाच्या तोंडावर परतणारे कातकरी कुटुंब प्राप्तिकर भरीत नाही. पण त्या घरातील तरुण मोबाईलचा रिचार्ज करतो तेव्हा त्यावर १८ टक्के जीएसटी देतो, अगदी तितक्याच दराने जितक्या दराने मुंबईचा कारखानदार देतो. ‘कर भरणारे तेवढे आम्हीच’ असे पगारदार मंडळी म्हणतात तेव्हा त्यांना या रिचार्जची आठवण करून द्यावी.

प्राप्तिकराचे वेगळेपण येथेच आहे. सर्व मोठ्या करांमध्ये समोरच्या माणसाची कुवत पाहून मागणी करणारा असा हा एकच आहे. टोल रस्त्याकडे पाहतो, जीएसटी वस्तूकडे पाहतो, प्राप्तिकर माणसाकडे पाहतो. म्हणूनच त्याचे दर चढत्या टप्प्यांचे असतात. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करपद्धतीत पहिल्या ४ लाखांवर काही नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के, आणि असे चढत चढत २४ लाखांच्या वरच्या भागावर ३० टक्के. शिवाय १२ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असणाऱ्या निवासी व्यक्तीला विशेष सवलत देऊन त्याचा कर शून्यावर आणला जातो.

पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ मध्ये ‘मातेर एत माजिस्त्रा’ या परिपत्रकात न्याय्य करपद्धतीची हीच कसोटी सांगितली: ओझे उचलणाऱ्याच्या ताकदीनुसार असावे. योगायोग असा की आपला जुना प्राप्तिकर कायदाही त्याच १९६१ सालचा. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ मध्ये रास्त कर चुकविणाऱ्यांचा उल्लेख अप्रामाणिकपणाच्या उदाहरणांत केला, आणि ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाच्या २२४० व्या परिच्छेदात कर भरणे हे नैतिक कर्तव्य म्हटले आहे. ‘रास्त’ हा शब्द मात्र विसरू नये. कर्तव्य देणाऱ्याचे आहे तसेच मागणाऱ्याचेही आहे.

आणि हा पैसा जातो कोठे? १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ता म्हणून नोंदली गेली. वाडीवर जायला रस्ता नव्हता. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान भर पावसात डोंगर चढून गेले आणि यंत्रे नेता न आल्याने हातांनी माती उपसत राहिले. वाचलेल्यांसाठी सिडकोने चौक येथे ४४ घरे बांधली. त्या जवानांचा पगार, त्यांच्या दोऱ्या, त्यांचे प्रशिक्षण हे सारे सार्वजनिक तिजोरीतून येते. त्या तिजोरीत अंधेरीच्या एखाद्या नोकरदाराचा प्राप्तिकरही असतो, ज्याने इर्शाळगड केवळ द्रुतगती मार्गावरून पाहिला आहे. केंद्राने गोळा केलेल्या प्राप्तिकराचा काही भाग राज्यांकडेही परत येतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी वाटपयोग्य करांचा ४१ टक्के हिस्सा राज्यांना ठरवून दिला होता. उपकर आणि अधिभार मात्र या वाटपात येत नाहीत, आणि म्हणूनच केंद्राला ते अधिक प्रिय असावेत असा आमचा कयास आहे.

याच मातीतील हुतात्मा भाई कोतवाल यांनी गरीब शेतकऱ्याला अडीअडचणीत सावकाराचे दार ठोठवावे लागू नये म्हणून धान्यकोठी सुरू केली होती. ज्याच्या खळ्यात आहे त्याने घालावे, ज्याचे मडके रिकामे आहे त्याला मिळावे. प्राप्तिकर म्हणजे देशाची धान्यकोठी, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

आता दुसरा प्रश्न. शेतीला कर नाही, हे आपल्याकडे लहान मूलही सांगते. भारतात प्राप्तिकर आला तो १८६० साली. १८५७ च्या उठावाने सरकारी तिजोरी रिकामी झाली होती, ती भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी तो आणला. २४ जुलै हा ‘प्राप्तिकर दिन’ म्हणून पाळला जातो तो त्याचीच आठवण म्हणून. शेतीचे उत्पन्न करातून वगळले गेले ते १८८६ च्या कायद्याने. शेतकरी आधीच जमीन महसूल भरीत होता, हे त्यामागचे मोठे कारण. पुढे १९३५ च्या कायद्याने शेती उत्पन्नावरील कर प्रांतांच्या अखत्यारीत गेला आणि राज्यघटनेनेही तो राज्यांच्या सूचीतच ठेवला. तेव्हा ही सूट म्हणजे कोणा एका सरकारची कृपा नव्हे, तिच्यामागे सुमारे एकशे चाळीस वर्षांचा इतिहास आहे.

परंतु ‘शेती’ म्हणजे काय? येथून गुंता सुरू होतो. कर्जत-नेरळच्या रस्त्याने जाणाऱ्याला रोपवाटिका दिसतात, तशी कुक्कुटपालनाची लांबट पत्र्याची शेडही दिसतात. समजा, दोन सख्ख्या भावांनी एकाच गटातील जमीन वाटून घेतली. थोरला आंब्याची आणि शोभेची रोपे करून विकतो. त्याचे उत्पन्न शेतीचे, कारण २००८ मध्ये कायद्यात तसे स्पष्टीकरण घालण्यात आले. धाकटा कोंबड्या पाळतो. त्याचे उत्पन्न व्यवसायाचे, म्हणजे करपात्र. दोघांची बायकापोरे चिखलात सारखीच राबतात. शेजारी एक फार्महाऊस आहे. मालक शहरात राहतो, शनिवार-रविवारी ते पाहुण्यांना भाड्याने देतो, आवारात चार कलमे लावलेली आहेत. भाड्याचे उत्पन्न शेतीचे नव्हे, हे कायद्यात स्वच्छ लिहिलेले आहे. पण विवरणपत्रात कलमांचे उत्पन्न किती आणि भाड्याचे किती, हे लिहिणारा मालकच. महालेखापालांनी २०१९ च्या अहवालात शेती उत्पन्नाच्या सवलतीची तपासलेली प्रकरणे पाहिली, तेव्हा पाचांपैकी एकाहून अधिक प्रकरणांत पुरेशा कागदपत्रांवाचूनच सूट मान्य झालेली आढळली. वास्तविक महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी विकत घेताही येत नाही. तरीही आपल्या डोंगरपायथ्याला शनिवारचे शेतकरी किती झाले आहेत, ते वाचकांनी आपल्या डोळ्यांनी पाहावे.

याहून बिकट गोष्ट जमिनीच्या विक्रीची. येथे आम्ही थोडे थांबून सांगणार आहोत, कारण या दोन तालुक्यांत ज्या घरांचे नुकसान झाल्याचे आम्ही ऐकले ते बहुधा येथेच झाले. ग्रामीण शेतजमीन करापुरती ‘भांडवली मत्ता’ मानली जात नाही. ती विकून झालेल्या नफ्यावर कर नाही. पण ‘ग्रामीण’ कोणती? नगरपालिकेची लोकसंख्या १० हजारांहून अधिक आणि १ लाखापर्यंत असेल तर तिच्या हद्दीपासून २ किलोमीटरच्या आतली जमीन शहरी. लोकसंख्या १ लाखाहून अधिक आणि १० लाखांपर्यंत असेल तर ६ किलोमीटर. त्याहून मोठे शहर असेल तर ८ किलोमीटर. लोकसंख्या कोणती, तर ज्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत अशा शेवटच्या जनगणनेची. २०११ च्या जनगणनेत कर्जत नगर परिषदेची लोकसंख्या ३० हजारांच्या आत होती आणि खोपोलीची ७१ हजारांच्या घरात, म्हणून या दोन्ही गावांना २ किलोमीटरची रेषा. माथेरानलाही नगर परिषद आहे, पण तेथील वस्ती ५ हजारांच्याही आत, म्हणून तिच्या पायथ्याच्या जमिनीला माथेरानमुळे कोणतीच रेषा लागत नाही. हे सारे शेतकऱ्याला कोणी सांगायचे?

आणि २ किलोमीटर मोजायचे कसे? पूर्वी यावर वाद होता. शेतकरी म्हणे, मी ज्या रस्त्याने जातो तो मोजा. खाते म्हणे, सरळ रेषेत मोजा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१५ मध्ये जुन्या वर्षांपुरते रस्त्याचे अंतर मान्य केले आणि त्याच वर्षी खात्यानेही ते स्वीकारले. पण त्याआधीच, २०१३ च्या दुरुस्तीने, पुढच्या काळासाठी हवाई अंतर कायद्यात आले होते. उल्हास नदीच्या पलीकडचे शेत पुलावरून वळसा घालून ४ किलोमीटर असेल, पण पक्षी उडाला तर दीड किलोमीटर. करासाठी आता पक्ष्याचा हिशोब धरायचा.

या रेषेची किंमत किती, ते पाहू. समजा, एका शेतकऱ्याने २०२५-२६ या वर्षात वडिलोपार्जित शेतजमीन ४० लाखांना विकली आणि तिची १ एप्रिल २००१ रोजीची रास्त किंमत २ लाख ठरली. त्याला शेतीखेरीज दुसरे उत्पन्न नाही, आणि विक्रीच्या पैशांतून त्याने पुन्हा जमीन घेतली नाही. जमीन रेषेबाहेर असेल तर कर शून्य. रेषेच्या आत असेल तर नफा ३८ लाख. त्यातून ४ लाखांची मूळ मर्यादा वजा जाऊन उरलेल्या ३४ लाखांवर साडेबारा टक्के म्हणजे ४ लाख २५ हजार. त्यावर ४ टक्के उपकराचे १७ हजार. एकूण ४ लाख ४२ हजार रुपये. वर सांगितलेली १२ लाखांची सवलत या नफ्याला लागू होत नाही. मध्ये एकच बांध आहे. बांधाच्या अलीकडच्याला साडेचार लाखांच्या आसपास कर आणि पलीकडच्याला काहीच नाही, ही गोष्ट कुवतीनुसार ओझे या तत्त्वात कोठे बसते?

बरे, एवढ्यावर संपत नाही. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमिनीसाठी व्यक्तीला दुसरा पर्यायही आहे, महागाईचा निर्देशांक लावून किंमत वाढवून घ्यायची आणि उरलेल्या नफ्यावर २० टक्के द्यायचे. कोणता पर्याय स्वस्त, हे २००१ ची किंमत किती धरली यावर ठरते, आणि ती किंमत ठरविण्यासाठी मूल्यनिर्धारक लागतो. रेडीरेकनरची किंमत दस्तातील किमतीच्या ११० टक्क्यांहून अधिक असेल तर हाती न आलेल्या पैशांवरही कर बसतो. उलट, विकण्यापूर्वी दोन वर्षे ती जमीन कसलेली असेल आणि विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत दुसरी शेतजमीन घेतली तर तेवढ्या नफ्यावर कर माफ. ही शेवटची तरतूद खरोखर चांगली आहे. पण तीही ज्याला आधी ठाऊक असते त्यालाच उपयोगी पडते. पैसे घराच्या स्लॅबमध्ये आणि मुलीच्या लग्नात गेल्यावर ती सांगून काय उपयोग?

आणखी एक गोष्ट आम्ही मुद्दाम लिहून ठेवतो. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेनुसार नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली. तिचे आकडे प्रसिद्ध होतील तेव्हा खोपोलीने १ लाखाचा टप्पा ओलांडलेला असेल, तर भोवतालची रेषा २ वरून ६ किलोमीटरवर जाईल. त्या पट्ट्यातील शेतकऱ्याने आपल्या जमिनीत काहीही केलेले नसेल. भात लावला असेल, काढला असेल. तरीही त्याची जमीन कराच्या दृष्टीने एका रात्रीत शहरी होईल.

जमीन विकलेल्या किंवा रेल्वे-रस्त्यात गेलेल्या घरांत पैसा बँकेत मुदतठेव होऊन बसतो. वर्षाचे व्याज ५० हजारांवर गेले की बँक १० टक्के कापते, पॅन नसेल किंवा आधारशी जोडलेले नसेल तर २० टक्के. १० लाखांच्या ठेवीवर ७ टक्क्यांनी ७० हजार व्याज आले तर ७ हजार कापले जातात, किंवा १४ हजार. त्या विधवा बाईला एकूण करच लागू नसतो. तिने १५-जी या नावाने ओळखला गेलेला कागद वेळेवर भरला असता तर एक पैसाही कापला गेला नसता. आता तो परत हवा तर विवरणपत्र भरायचे, आणि ते भरून देणारा पाचशे-हजार घेणार. आपल्या ख्रिस्ती घरांत तर आणखी एक विघ्न आहे: डिसोझा, डिमेलो यांच्या आडनावात इंग्रजीत जो वरचा स्वल्पविराम येतो तो पॅनवर असतो आणि आधारवर नसतो, किंवा उलट. दोन कार्डांचे जुळत नाही. हे ऐकून हसू येते, पण ज्याचे पैसे अडकलेले असतात त्याला येत नाही.

मत्तयाच्या काळी जकातदारांना लोक पापी का म्हणत, याचा विचार या संदर्भात करावा. कर द्यावा लागे म्हणून राग होता, हे खरेच. पण वसुलीचा मक्ता घेतलेल्या माणसापुढे उभे राहिलेल्या गरिबाला नेमके किती देणे आहे हेच कळत नसे, हे त्याहून मोठे दुःख होते. जकातदार योहान बाप्तिस्ताकडे आले आणि आम्ही काय करावे असे विचारू लागले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडा असे सांगितले नाही. ठरवून दिलेल्यापेक्षा अधिक घेऊ नका, एवढेच सांगितले. म्हणजे जे ठरले आहे ते दोघांना ठाऊक असले पाहिजे. आज मक्तेदार नाही, कायदा छापील आहे. पण ज्याच्यापाशी सल्लागार आहे त्याला तो वाचता येतो आणि ज्याच्यापाशी नाही त्याला येत नाही. किचकटपणा हाही एक कर आहे, आणि तो दस्तुरी नाक्यावरच्या करासारखा माणशी बसतो. सी.ए.ची फी श्रीमंताला चिल्लर, गरिबाला आठवड्याची मजुरी.

सुलभीकरणाची मागणी नवी नाही. आपल्याच जिल्ह्यातील नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ मध्ये जॉन मथाई यांच्या अध्यक्षतेखाली करचौकशी आयोग नेमला गेला. पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी वरच्या टप्प्याचा दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर गेला होता. १०० रुपयांतील सव्वादोन रुपये हाती ठेवणारा कायदा लोक पाळत नाहीत, पळवाटा शोधतात. प्रत्येक पळवाट बुजवायला एक उपकलम, आणि खऱ्या गरजूला वाचवायला त्या उपकलमाला एक अपवाद, असा कायदा वाढत गेला. विजय केळकर यांच्या समितीने २००२ मध्ये दर मध्यम ठेवा आणि सवलती कमी करा असे सुचविले. राज्यांनी संमती दिल्यास शेती उत्पन्नावरही कर आणता येईल, हेही तिने मांडले. शेवटचा मुद्दा कोणत्याच पक्षाने हाती धरला नाही.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये नवा प्राप्तिकर कायदा संमत केला, अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. कलमे ८१९ वरून ५३६ वर आली, शब्द सुमारे ५ लाख १२ हजारांवरून २ लाख ६० हजारांवर. ‘मागील वर्ष’ आणि ‘करनिर्धारण वर्ष’ या जोडगोळीने तीन पिढ्यांना गोंधळात टाकले होते, तिच्या जागी ‘करवर्ष’ हा एकच शब्द आला. हे काम चांगले झाले आणि ते करणाऱ्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे. पण शब्द निम्म्याने कमी झाले तरी खोपोलीभोवतीची रेषा आहे तेथेच आहे. रोपवाटिका आणि कोंबड्या यांतला फरकही तसाच आहे. भाषा सोपी झाली, रचना फारशी झाली नाही.

खरे सुलभीकरण कसे असेल? सर्वांना एकच दर लावा, असे काही जण म्हणतात. ते सोपे खरे, पण त्याने प्राप्तिकर पुन्हा माथेरानच्या नाक्याकडे जाईल. दरांचे टप्पे मोजायला संगणकाला क्षणही लागत नाही. गुंता टप्प्यांत नसून अपवादांत आहे. आमच्या मते शेतजमिनीच्या विक्रीला गावाच्या हद्दीवरून नव्हे, रकमेवरून नियम लावावा. एका भरघोस मर्यादेपर्यंत कोणालाही कर नाही, त्यापुढे सर्वांना सारखा, आणि पुन्हा शेती घेणाऱ्याला माफी. शेती उत्पन्नाचेही तसेच. १२ लाखांपर्यंत कर शून्य असताना कर्जतच्या भात पिकविणाऱ्या शेतकऱ्याला, त्याच्या शेतीला कर लावला तरी, एक रुपया भरावा लागणार नाही. म्हणजे आजची सरसकट सूट प्रत्यक्षात त्याच्या नावावर घेतली जाते आणि उपभोगतो दुसराच. मात्र शेतकऱ्याची भीती कराची नाही, नोटिशीची आहे, आणि ती रास्त आहे. एका वर्षी पीक, दुसऱ्या वर्षी पूर. मर्यादेखालच्या शेतकऱ्याला कोणताही कागद भरावा लागू नये आणि वरच्याला चार-पाच वर्षांची सरासरी धरता यावी, ही हमी आधी, कर नंतर. तशी हमी मिळत नसेल तर आहे ते बरे, असेही आम्ही म्हणू.

अपवाद काढा असे म्हणणाऱ्याने स्वतःचा अपवादही पुढे ठेवला पाहिजे. अनुदानित शाळांत शिकविणाऱ्या आपल्या धर्मभगिनी आणि धर्मगुरू पूर्ण पगार संघाला देतात, दारिद्र्याच्या व्रतामुळे स्वतःपाशी काही ठेवीत नाहीत. १९४४ पासूनच्या परिपत्रकांच्या आधारे त्यांच्या पगारातून कर कापला जात नसे. तामिळनाडू आणि केरळमधील ही प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ९३ अपिले फेटाळली. पगार व्यक्तीला मिळतो, मग तो ती कोणाला देते हा वेगळा प्रश्न, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. त्या दिवशी आम्हांला वाईट वाटले, हे लपवीत नाही. त्या पैशांतून वसतिगृहे आणि दवाखाने चालत होते. पण रात्री शांतपणे विचार केला तेव्हा जाणवले की शनिवारच्या शेतकऱ्याला आम्ही जे सांगतो तेच न्यायालयाने आम्हांला सांगितले आहे. १२ लाखांच्या सवलतीमुळे यापुढे कित्येक भगिनींच्या बाबतीत हा प्रश्न आपोआपच सौम्य होईल, हेही खरे.

देणगीच्या पावतीबद्दलही पुष्कळ जण विचारतात. धर्मादाय संस्थांना दिलेल्या देणगीची वजावट जुन्या करपद्धतीत मिळते, नव्यात मिळत नाही. ३१ जुलै २०२४ पर्यंत भरल्या गेलेल्या ७ कोटी २८ लाख विवरणपत्रांपैकी सुमारे ७२ टक्के नव्या पद्धतीची होती, तेव्हा बहुतेकांना ती पावती कराच्या कामाची उरलेली नाही. दान देणाऱ्याने ते दान म्हणूनच द्यावे.

राहता राहिले जमीन विकू पाहणाऱ्यांसाठी. इसार घेण्यापूर्वी नगर परिषदेच्या हद्दीपासूनच्या हवाई अंतराचा लेखी दाखला मिळवावा. विक्रीपूर्वीच्या किमान दोन वर्षांच्या सातबाऱ्यावर पीकपाहणीची नोंद आहे ना, हे तलाठ्याकडे पाहून घ्यावे. २००१ सालची किंमत आधी काढून ठेवावी. दस्तातील किंमत आणि हाती येणारी किंमत एकच असावी. आणि पॅन व आधार यांवरील नावाचे स्पेलिंग, वरच्या स्वल्पविरामासकट, जुळवून घ्यावे. ज्यांना कागद वाचता येत नाहीत त्यांनी संकोच न करता आपल्या धर्मग्रामातील शिकलेल्या मुलामुलींची मदत घ्यावी, आणि त्या मुलांनी त्यासाठी पैसे घेऊ नयेत.